तीनशे एक पिशव्या, ताट एकही नाही

शेवटी माणिकराव भर मंडपात रडले. दोनशे ऐंशी माणसांनी पाहिलं, आणि त्यांतल्या सहा जणांनी मोबाइलवर काढून ठेवलं. पण माणिकरावांचं म्हणणं आहे की असं काही झालंच नाही. माणिकराव गावातले वजनदार माणूस आहेत, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. कुणीही रडलेलं नाही. गावाचं नावही सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. पेडगावच्या थोडं पुढे, एवढं पुरे. मे महिना आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि माणिकरावांच्या ओसरीवर तीन मुलं दुधाच्या रिकाम्या पिशव्या मोजत बसली आहेत.

"चौदा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "एका आठवड्यात."

"पण तुमच्याकडे दोन म्हशी आहेत," सारंग म्हणाला.

"हायेत की. त्यांचं दूध डेअरीला जातं. मग डेअरीचं दूध पिशवीत बसून घरी येतं."

"म्हणजे म्हशीला भेटायला?"

ज्ञानेश्वरीने वहीत चौदा लिहिले. ती माणिकरावांची मुलगी, जूनमध्ये आठवीत जाणार होती. सारंग तिचा परभणीचा आत्तेभाऊ, अकरा वर्षांचा. शहरातून आल्यामुळे आपण कुठल्याही टोळीचे आपोआप प्रमुख होतो, अशी त्याची समजूत होती, आणि ती काढायला अजून कुणाला वेळ मिळाला नव्हता. तिसरा बुद्धभूषण, ज्ञानेश्वरीच्या वर्गातला. त्यांच्या निवेदिता मॅडमनी सुट्टीचा अभ्यास दिला होता : आठवडाभरात घरात एकदाच वापरून फेकलेलं प्लास्टिक गोळा करा, मोजा, आणि ते निम्म्यावर कसं आणता येईल ते लिहा.

बुद्धभूषणची यादी दीड ओळीची होती.

"शांपूच्या दोन पुड्या आणि बिस्किटाचा एक कागद? बस?" सारंगने विचारलं.

"आमचं एवढंच. बाकीचं तुमचं हाय, नालीतून येतंय. ते पण मोजू का? मग वही पुरायची न्हाई."

ज्ञानेश्वरी मान खाली घालून पिशव्यांची थप्पी सारखी करू लागली. त्याला कारण होतं.

बुद्धभूषणचं घर गावाच्या उताराच्या टोकाला होतं. गावात कुठेही पंगत उठली की प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास आणि वाट्या नालीत जात, नाली तुंबे आणि सगळं पाणी त्याच्या घरात शिरे. मागच्या वर्षी एका लग्नाच्या जेवणानंतर ते ज्वारीच्या पोत्यांत गेलं. वर्षाची ज्वारी. फेकून देण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, ती वाळवली आणि घराने सात महिने नालीच्या वासाची भाकरी खाल्ली. बुद्धभूषण शाळेत डबा उघडायचा तेव्हा पोरं बाकं सरकवायची. एकदा ज्ञानेश्वरीनेही सरकवलं होतं. हे दोघांच्याही लक्षात होतं.

यंदाची ज्वारी नुकतीच घरात आली होती. चार पोती, दोन-दोन विटांवर उभी. आणि येत्या शनिवारी माणिकरावांकडे गावजेवण होतं.

जेवणाचं कारण ओसरीतल्या दिवाणावर पडून होतं. त्याचं नाव आश्रुबा, वय अठ्ठ्याहत्तर, नातं ज्ञानेश्वरीचे आजोबा आणि माणिकरावांचे वडील. फेब्रुवारीत ते परभणीच्या दवाखान्यात एकवीस दिवस होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आबांना कुणी तसं कळवलं नाही, त्यामुळे ते बरे झाले.

आबा कुशीवर वळले. खण्ण, असा आवाज आला.

"हाडं वाजायलीत," आबा म्हणाले.

"कॅल्शियमची गोळी घेतली का?" अंगणातून माणिकराव ओरडले. वडिलांची हाडं वाजली की ते लगेच गोळीचं विचारत. दवाखान्यातून आल्यापासून आबांनी सहा डब्या संपवल्या होत्या आणि आवाज तसूभरही कमी झाला नव्हता.

माणिकराव टेम्पोतून गठ्ठे उतरवून घेत होते. प्लास्टिकच्या प्लेटा तीनशे, ग्लास सहाशे, वाट्या सहाशे.

"अण्णा, स्टीलच्या ताटात जेवण करू की," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तीनशे ताटं कुणाच्या घरात असतेत गं?" माणिकराव म्हणाले, आणि उगाच छताकडे पाहू लागले.

"काका, जेवणाचं पाणी आमच्या घरात येतंय," बुद्धभूषण म्हणाला. "ज्वारी हाय घरात."

"मग पोती उचलून ठेवावीत माणसानं."

"कुठं?"

"वर."

"वर पत्रे हायेत, काका."

"मग चांगलंय की. पाऊस लागायचा न्हाई." एवढी जबाबदारी पार पाडून माणिकराव आचाऱ्याला फोन करायला गेले.

"ही सरळसरळ दुष्ट माणसं आहेत," सारंग म्हणाला.

"माझे वडील हायेत ते."

"माझे मामा आहेत. म्हणून तर माहितीय."

अभ्यास मात्र पुरा करायचा होता. प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते. गादीखाली, दारामागे, कुठेतरी. ज्ञानेश्वरीने ती उलटी केली. मग गाद्या उचलल्या, फडताळामागे हात घातला, आणि शेवटी तिघं कडब्याच्या खोलीत शिरले. तिथे पेंढ्यांच्या मागे खताचं एक पोतं गच्च भरलेलं होतं. आत पातळ, पांढऱ्या, कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्या मोजायला पाऊण तास लागला.

"तीनशे एक," बुद्धभूषण म्हणाला.

प्रत्येक पिशवीवर निळ्या अक्षरात छापलं होतं : भागवत भांडी भांडार, मानवत. ज्ञानेश्वरीने स्वयंपाकघरातून जेवणाचं ताट आणून एका पिशवीत सरकवलं. ताट अगदी मापात बसलं.

"तीनशे एक ताटांच्या पिशव्या," ती हळूच म्हणाली. "आणि घरात नवं ताट एकही न्हाई."

सारंगने खिशातून तपासवही काढली. ती त्याने परभणीहून आणली होती आणि चार दिवस तिच्यात लिहिण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. त्याने लिहिलं : 'पिशव्या ३०१. ताटं शून्य. संशयित सगळे.'

"ताटं सापडली, तर शनिवारी प्लेटा लागायच्याच न्हाईत," बुद्धभूषण म्हणाला. तो हे पोतं बांधता बांधता म्हणाला, त्यामुळे त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही.

मानवतला जायचं तर सोबत मोठं माणूस हवं. आबांना चष्म्याची दांडी बसवायची होती, शिवाय पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटीत त्यांना तिकीट पडत नसे, आणि फुकट प्रवासाला आबा केव्हाही तयार असत. गुरुवारी सकाळी चौघं बसमध्ये बसले.

भागवत भांडी भांडारात भागवतशेठ स्वतः गल्ल्यावर होते. ज्ञानेश्वरीने पिशवी समोर धरली.

"शेठ, असल्या तीनशे एक पिशव्या कुणी नेल्या, आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? तुमच्याच भागातले माणिकराव. तीनशे एक ताटं नेली, नाव घालून. ताटावर मशीननं नाव घालायचं तर ताट पिशवीतून काढावं लागतं. पिशव्या म्हणलं राहू द्या इथंच. तर म्हणले, चांगल्या पिशव्या हायेत, टाकायच्या कशाला, द्या पोत्यात भरून."

"नाव कुणाचं घातलं?" सारंगने विचारलं.

"त्यांच्या वडिलांचं. वारले ना बिचारे." भागवतशेठनी हात जोडले. "तेरवीला वाटायची होती ताटं."

ज्ञानेश्वरीने समोर धरलेली पिशवी खाली घेतली.

"कधी वारले?" आबांनी विचारलं.

"फेब्रुवारीत. लय घाईत होते माणिकराव. मी म्हणलं, ताटं कधी पाहिजेत? म्हणले, तेरवीला. म्हणलं, तेरवी कधी हाय? तर म्हणले, डॉक्टरनं अजून तारीख दिली न्हाई."

सारंगने तपासवही तोंडावर धरली. ज्ञानेश्वरी हसली नाही.

"वडील कसे होते, काई बोलला का तो?" आबा म्हणाले.

"चांगलेच असतील. पण म्हणले, आडनाव नका घालू, अक्षराप्रमाणं पैसे पडतेत." भागवतशेठनी एक राहिलेलं नमुन्याचं ताट काढून दाखवलं. मधोमध बारीक अक्षरात : 'कै. आश्रुबा यांच्या स्मरणार्थ'. त्याखाली ठसठशीत अक्षरात माणिकरावांचं नाव. आडनाव, गाव, तालुका आणि जिल्ह्यासकट. "तुमी कोण त्यांचे, बाबा?"

"थोरला भाऊ," आबा म्हणाले.

"तरीच. दुःख दिसतंय तोंडावर."

"व्हय. आमी लय जवळचे होतो."

चष्म्याची दांडी बसवायची राहून गेली. परतीच्या बसमध्ये आबा खिडकीपाशी बसले आणि बराच वेळ बाहेरची काळी शेतं बघत राहिले.

"नाकात नळी होती माझ्या," ते म्हणाले. "माणिक रोज यायचा. मला वाटायचं, पोरगं किती जीव लावायलंय. एक दिवस उशिरा आला. म्हणलं, कुठं होतास रे? म्हणला, मानवतला काम निघालं." त्यांनी चष्मा काढला; मोडक्या दांडीमुळे तो तसाही पडायलाच आला होता. "काम मीच होतो की."

ज्ञानेश्वरीने त्यांचा हात धरला. आबांनी तो सोडवून घेतला, कारण त्यांना नाक पुसायचं होतं. मग परत दिला.

"पण मग ताटं कुठं हायेत?" बुद्धभूषण म्हणाला. "तीनशे एक ताटं लपवायला केवढी जागा लागंल. आणि आवाज किती व्हईल."

सारंग, ज्ञानेश्वरी आणि बुद्धभूषण, तिघांनी एकदमच आबांकडे पाहिलं.

"मला काय बघायलात?"

"आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली, "तुमची हाडं फक्त दिवाणावरच वाजतात का?"

घरी येऊन त्यांनी आबांची गादी उचलली आणि दिवाणाची फळी सरकवली. आत, गवताच्या थरावर, पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावलेल्या होत्या. आबा तीन महिने स्वतःच्या तेरवीवर झोपत होते.

आबांनी एक ताट उचललं, नाव वाचलं, आणि त्यात तोंड पाहिलं. "ताट चांगलं हाय," ते म्हणाले. "जड हाय. माझ्यावर एवढा खर्च त्यानं कधीच केला नव्हता."

आता दोनच रस्ते होते. फळी लावून टाकायची आणि गप्प बसायचं, किंवा शनिवारी अख्ख्या गावाला या ताटांत वाढायचं.

"अण्णांची लय फजिती व्हईल," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"व्हईल," आबा म्हणाले.

"लोकं जन्मभर नावं ठेवतील त्यांना."

"ठेवू दे. तेवढंच फुकट मिळतंय त्याला."

बुद्धभूषणने गवत झटकलं, फळी उचलून परत लावायला घेतली आणि म्हणाला, "राहू द्या. तुझे वडील हायेत ते. आमची ज्वारी काय, वाळवता येती."

ज्ञानेश्वरीला बाक सरकवल्याचा आवाज आला. तो आवाज एक वर्षापूर्वीचा होता, पण तिला आत्ता आला.

"फळी खाली ठेव," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी माणिकराव मंडपवाल्याशी भांडायला गेले. तेवढ्यात तिघांनी ताटं काढून हातगाड्यावर लादली आणि निंबाखाली ताडपत्रीने झाकली. रिकाम्या दिवाणात तीनशे प्लेटा, सहाशे ग्लास आणि सहाशे वाट्यांचे गठ्ठे कोंबले. ग्लास-वाट्या घरोघरून मागून आणायचं काम सारंगकडे आलं. प्रमुखाने उन्हात फिरायचं नसतं असं त्याचं मत होतं, ते बहुमताने फेटाळलं गेलं. मग आबा दिवाणावर आडवे झाले, या कुशीवरून त्या कुशीवर वळले. काही वाजलं नाही.

"हाडं बरी झाली," आबा म्हणाले.

शनिवारी दुपारी मंडपाच्या दारात आबा खुर्चीवर बसले, बाजूला ताटांच्या थप्प्या. येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच्या हाताने ताट देत होते. पहिल्या आल्या पारूबाई, वयाने आबांहून दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनी ताट डोळ्यांजवळ नेलं.

"आश्रुबा, तुमी मेलात व्हय?"

"फेब्रुवारीत."

"आन मला कळवलं बी न्हाई. मंग इथं काय करायलात?"

"ताटं वाटायलोय. घरचं कुणी पुढं येईना."

मागून राधाकिशन गुरुजी आले. त्यांनी नाव दोनदा वाचलं, आबांना एकदा वाचलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "जेवायच्या आधी आंघोळ करून यावं का?"

"साबण घरचा वापरायचा असंल तर या."

रांग थांबली, मग हसू लागली, मग लांबत गेली. लोक ताट घेत, वाचत आणि आबांच्या पाया पडून आत जात. एकाने सुतक किती दिवसांचं धरायचं असं विचारलं. त्याला आबांनी दोन जिलब्या जास्त वाढायला सांगितल्या.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या बाजूने माणिकराव धावत आले. "अरे प्लेटा कुठं गेल्या? गठ्ठेच्या गठ्ठे..." ते तिथेच थांबले. पहिल्या पंगतीत शंभर माणसं बसली होती, आणि शंभर ताटांत त्यांचं नाव चमकत होतं. गाव, तालुका, जिल्ह्यासकट.

आबांनी एक ताट पुढे केलं.

"घे, माणिक."

"आबा, ते डॉक्टरनंच सांगितलं होतं की..."

"तू रोज यायचास. मला वाटायचं, आज म्हणंल, आबा उठा, घरी चला. तू ताटं मोजायलास. आता घे. मी मेल्यावर गाव जेवणार होतं, तवा मला बघायला मिळालं नसतं. बस. गरम हाय तवर खा."

माणिकरावांनी ताट घेतलं. पुढे जे झालं ते झालंच नाही, हे आपलं ठरलेलं आहे. वांग्याच्या भाजीत तिखट जास्त पडलं होतं आणि ते फक्त त्यांच्याच डोळ्यांत गेलं. ज्ञानेश्वरी हे बघत उभी होती. तिला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला मजा येईल. ती आली नाही. तिने वडिलांच्या शेजारी पाट टाकला, तसलंच एक ताट घेतलं आणि त्यांच्याजवळ जेवायला बसली.

जेवून उठलेल्या प्रत्येकाने आपलं ताट पिंपापाशी स्वतः धुवायचं, राखेने घासून, असं ठरलं होतं. धुण्याचं पाणी बादल्यांनी लिंबोणीच्या झाडांना गेलं. ज्यांनी धुतलं नाही त्यांची ताटं सारंगने धुतली. ती एकशे तेरा भरली, आणि सारंगच्या तपासवहीत त्या दिवशी एकच वाक्य आहे : 'प्रमुखपद सोडत आहे.'

बुद्धभूषण मात्र पंगतीच्या मधूनच उठून घराकडे पळाला होता. नालीत आचाऱ्याने ओतलेलं तांदळाचं धुवण होतं, भाजीचं पाणी होतं. पण अडवायला काही नव्हतं. पाणी उंबऱ्याच्या चार बोटं खालून सरळ पुढे निघून गेलं. मनकर्णाबाई चारही पोत्यांच्या बुडांना हात लावून बघत होत्या. कोरडी होती.

"आई, झालं," बुद्धभूषण म्हणाला. "कोरडी हायेत."

"आज हायेत," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पोत्यांखाली आणखी एक वीट सरकवली.

सोमवारी पंचायतीत मुलांचा सत्कार झाला. निवेदिता मॅडम म्हणाल्या, अशी यादी त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. राधाकिशन गुरुजींनी पंधरा मिनिटं कौतुक केलं. त्यातली बारा मिनिटं माणिकरावांची होती, कारण वडिलांच्या कार्याची इतकी आगाऊ तयारी करणारा मुलगा तालुक्यात दुसरा नाही. टाळ्या वाजल्या. तिघांना प्रशस्तिपत्रं मिळाली. ती प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली होती, वर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती आणि सोबत पाण्याची एक एक बाटली होती. बुद्धभूषणने तिथल्या तिथे वही काढून आपल्या यादीत तीन नगांची भर घातली.

ताटं गावाला देऊन टाकायची, असं आबांनी जाहीर केलं. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यावीत, धुऊन परत आणावीत. गावाने आनंदाने मान्य केलं.

मंगळवारी सरपंचांचे चुलतभाऊ येऊन सांगून गेले की गुरुवारी त्यांच्या मुलीचं लग्न आहे. ताटं उत्तमच आहेत, पण लग्नाच्या शुभ पंगतीत 'कै.' कसं चालेल? शिवाय कैलासवासी स्वतः लग्नाला येणार, ते आणखी वाईट दिसेल. म्हणून त्यांनी प्लेटा मागवल्या आहेत. नऊशे.

"नाव खोडून देतो म्हणावं," बुद्धभूषण म्हणाला.

"विचारलं मी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "म्हणले, खोडलेल्या ताटात पाहुण्यांना वाढतेत का?"

"मग आता?"

आबांनी उशीखालून कोरा कागद काढला. "लिहा," ते म्हणाले. "अर्ज करायचा. कागदाला कागदानंच गाठायचं." बुद्धभूषण सांगत गेला, ज्ञानेश्वरीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, सारंगने सरकारी शब्द घातले, आणि बुधवारी सकाळी तिघांनी अर्ज आवक क्रमांक घेऊन पंचायतीत दाखल केला. तो असा :

प्रति, मा. सरपंच व सर्व सन्माननीय सदस्य.

विषय : मासिक सभेची जागा बदलून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, चालू महिन्याची मासिक सभा पंचायत कार्यालयात न घेता, गुरुवारी लग्नाची शेवटची पंगत उठल्यानंतर लगेच, अर्जदार बुद्धभूषण याच्या राहत्या घरी घेण्यात यावी. बसण्यासाठी सतरंजी अंथरलेली असेल. ती पाण्याखाली असल्यास सदस्यांनी चाचपून बसावे. पाय पोत्यांवर ठेवू नयेत. घरात एकच खोली असल्याने कोणासही बाहेर जाता येणार नाही. सभेतील अल्पोपाहार म्हणून त्याच ज्वारीची भाकरी देण्यात येईल, आणि ती प्रत्येक सदस्याने सात महिने, रोज दोन वेळा, नाक न धरता पूर्ण खाल्ल्यानंतरच सभा संपल्याची नोंद इतिवृत्तात घेण्यात यावी, ही नम्र विनंती.